पोटाची रेघ

४ फेब्रुवारी, सोमवार

आज मी तीन तास काहीही न करता उभा राहिलो आणि त्याबद्दल सात जणांनी माझे आभार मानले. चाळीस वर्षं लोकांच्या दुकानांना शटरं बसवली, अडकलेली सोडवली, वाकलेली सरळ केली; तेव्हा सगळे मिळून सातांनी तरी आभार मानले असतील का, शंकाच आहे. म्हणून ही वही काढली. मापं लिहायची जुनी वही आहे, मागची पानं कोरी निघाली.

झालं असं, की आमची ही शिकते त्या चित्रशाळेतल्या संध्याकाळच्या वर्गाला जो मॉडेल ठरला होता, एक निवृत्त पहिलवान, त्याची शनिवारी कंबर धरली. आणि पुढे बारा बैठकांचं मोठं चित्र आहे. एकच माणूस, एकच उभं राहणं, महिनाभर. एक मार्चला बाहेरचे परीक्षक येणार. ते मॉडेलला तस्संच उभं करतात आणि प्रत्येकाचं चित्र त्याच्याशी ताडून बघतात. ज्याचं पटेल त्याला पुढच्या तीन वर्षांच्या पूर्ण अभ्यासक्रमात जागा. प्रौढांसाठी अशी जागा एकच. गेल्या वर्षी कुणाचंच पटलं नाही तर त्यांनी ती सरळ रिकामी ठेवली. आणि वयाची अट पंचावन्नच्या आत. ही जूनमध्ये पंचावन्न पूर्ण करते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

शनिवारपासून ही घरात अशी वावरत होती की भांड्याला भांडं लागत नव्हतं. माझे कान तिखट आहेत. शटर अर्ध्यावर येईपर्यंत कुठल्या बाजूची स्प्रिंग गेलीय ते मी डोळे मिटून सांगतो. तेव्हा स्वतःच्या घरातला बिघाड मला ऐकू येणारच.

"अगं, मी उभा राहतो की," मी म्हटलं. "उभं राहायला काय अक्कल लागते?"

"तुम्ही?" ही म्हणाली. "लग्नाच्या फोटोत हललात. अजून त्या फोटोत तुम्हाला दोन नाकं आहेत."

पण दुसरा कुणी मिळेना. जानेवारीपासून कारखाना लेक बघते आणि मला म्हणते, "बाबा, तुम्ही नसलात की कामं वेळेत होतात." म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ.

तर मी चौथऱ्यावर. अंगावर आखूड चड्डी, बाकी जे देवानं दिलं ते. भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, हातात शटर ओढायची आकड्याची काठी. ती मीच घरून नेली. मास्तरांनी माझ्या पावलांभोवती खडूनं रेघ मारली. हे मास्तर खिशात दोरीला बांधलेलं शिशाचं वजन घेऊन फिरतात आणि दिसेल त्याच्यासमोर ते लटकवून बघतात, म्हणून वर्ग त्यांना ओळंबा म्हणतो. वीस मिनिटं उभं राहायचं, घंटा झाली की पाच मिनिटं आराम. शिकणारे ज्या लांबट बाकावर बसतात त्याला इथे डाँकी म्हणतात. म्हणजे सात जण गाढवावर आणि मी सिंहासनावर.

घरी येताना विचारलं, "कसा उभा राहिलो?"

"नाक एकच होतं," ही म्हणाली. ह्याला आमच्याकडे कौतुक म्हणतात.

६ फेब्रुवारी, बुधवार

मान वळवायची नाही. नजर समोरच्या खिडकीच्या कडीवर. तेव्हा मला दिसते ती एक कडी, आणि बाकी सगळा वर्ग कानांनी.

आणि काय ऐकू येतं! उजवीकडे एक बँकेतला कॅशियर आहे. दोन रेघा मारतो, तीन खोडतो. त्याचं नाव मी खोडरबर ठेवलं. मागे एक शिंपी आहे, तो टाके घातल्यासारखं काढतो, टुक टुक टुक, सगळे सारखे. कुणीतरी सारखा कोळसा मोडतो आणि हळूच स्वतःलाच शिवी देतो.

डावीकडे दोघी. एक डॉक्टरीणबाई, दवाखाना बंद करून हौसेनं येतात, त्यांना जागाबिगा नको आहे. दुसरी आमची ही. आज डावीकडून पहिला तासभर काही आवाजच नाही. मला वाटलं, झोपल्या की काय दोघी. आणि मग एक रेघ आली.

कशी लिहू? हलकी सुरू झाली, मध्ये जड झाली, वळली, पुन्हा हलकी झाली आणि संपली कधी ते कळलंच नाही. कुठे अडकली नाही, कुठे खरखरली नाही. नीट ताण दिलेलं, तेल पाणी केलेलं शटर एका बोटानं खाली यावं, तसा तो आवाज. अशी शटरं माझ्या हातून चाळीस वर्षांत चारच झाली. माझ्या अंगावर काटा आला आणि खोडरबर कुरकुरला, "सर, ह्यांची कातडी बदलली."

ओळंबा चालत डावीकडे गेले. बराच वेळ थांबले. म्हणाले, "हं." मग वर्गाला म्हणाले, "छाया नंतर. आधी वजन कुठं विसावलंय ते शोधा. ते सापडलं की रेघ आपोआप येते."

डॉक्टरीणबाईच असणार. जन्मभर शस्त्रक्रिया केल्यात, हात बसलेला आहे. ह्या बाईचं काम परीक्षकांनी बघितलं तर आमच्या हिचं कसं व्हायचं, हा विचार मनात आलाच. पण त्यांना जागा नको आहे, हे आठवून पुन्हा मजेत उभा राहिलो.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

नाकाला खाज. अठरा मिनिटं. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही, ही सोडून. जेवताना ही तासभर बोलत होती. माणूस कागदात कसा बसवायचा: डोक्यावर किती जागा सोडायची, पायाखाली किती, काठी कडेला फार चिकटली तर नजर कागदाबाहेर कशी पळून जाते. मी म्हटलं, "हे तर दुकानाच्या चौकटीत शटर बसवण्यासारखंच आहे." ही हसली. "मग? आपल्या स्वतःच्या कारखान्यातल्या पहिल्या दहा शटरांची आखणी पत्र्यावर कुणी केली होती?"

खरंच. हिनेच. खडूनं, एका हाताने पोरगी धरून. हे मी विसरून गेलो होतो.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहायला हात शिवशिवतोय. रागानं.

आरामाच्या पाच मिनिटांत टॉवेल गुंडाळून वर्गात चक्कर मारली. खोडरबरच्या कागदावर मी आहे: छाती रुंद, खांदे भरदार, एखाद्या चौकातला पुतळा. शिंप्याच्या कागदावर मी आहे, सगळीकडे बारीक बारीक. कोळसा मोडणाऱ्याच्या कागदावरही मी आहे, निदान माणूस तरी आहे.

हिच्या एवढ्या मोठ्या कागदावर डोक्याच्या जागी एक फिका अंडाकार, पायांच्या जागी दोन खुणा, आणि मधोमध माझं पोट. फक्त पोट! बरगडीखालून निघालेली एक रेघ, सबंध गोल फिरून कमरेच्या हाडावर टेकलेली. खाली थोडी मऊ सावली. चार बैठका झाल्या आणि हिने काय काढलं, तर हे.

"काय गं, एवढंच?"

"अजून बघतेय."

"काय बघतेयस?"

"तेच," ही म्हणाली आणि पाव कुस्करावा तसं ते मऊ रबर कुस्करत बसली.

मागे शिंपी खोडरबरला हळूच म्हणाला, "वहिनींनी पोट काय धरलंय!" मला ऐकू जात नाही असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

पत्र्याची कामं करून मी माझं सगळं उभं केलं. ह्या हातांनी. आणि पस्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला माझ्यात दिसलं ते हे. बरं, परीक्षक काय म्हणतील? बाकीच्यांकडे पुतळा आणि हिच्याकडे माठ?

पण रागावून बसणाऱ्यातला मी नव्हे. धंद्यात माझा नियम एकच होता: मालात खोट निघाली तर वाद घालायचा नाही, माल बदलून द्यायचा. एक मार्चपर्यंत अठरा दिवस आहेत. पोट काढून टाकतो. हिला पत्ता लागू द्यायचा नाही. परीक्षेच्या दिवशी हिच्यासमोर असा नवरा उभा राहील की हिला कागदावर दुसरं काही काढता येणारच नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दोन तास चाललो. दुपारी हिने दिलेला डबा घेऊन "जरा कारखान्यात सल्ला देऊन येतो" म्हणून निघालो आणि तो फाटकावरच्या वॉचमनला दिला. "साहेब, तुम्ही?" "माझं झालं." रात्री काकडी. भुकेनं पोटात असा आवाज होतो, जणू कुणी गंजलेलं शटर वर ढकलतंय.

१८ फेब्रुवारी, सोमवार

पट्टा दोन भोकं आत! मी काल आरशासमोर आडवा उभा राहून बघितलं. आडवा म्हणजे बाजूनं. कोण हा तरुण, असं झालं.

आणि आज सकाळची गोष्ट तर लिहितानाही हसू येतंय. मी समोर बसून चहा पीत होतो. हिने हातातला खाण्याचा काटा उभा धरला, हात लांब केला आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. मग काट्यावरून अंगठा थोडा खाली सरकवला आणि पुन्हा डोळा मिटला.

पस्तीस वर्षांनी बायकोनं डोळा मारला. तोही दोनदा!

मी लाजून चहा सांडला. काय बोलावं सुचेना. म्हटलं, "काय गं?" ही म्हणाली, "काही नाही. तुम्हाला बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं." ही फोन घेऊन आत गेली. भरून आलं असणार.

२० फेब्रुवारी, बुधवार

दोन खणी डबा चार खणी झाला. लोण्यात घोळलेले बटाटे, अंडी, सायीची वाटी, वर केकचा हा एवढा तुकडा. संध्याकाळी वर्गाला निघताना पुन्हा दूध. "प्या. सगळं प्या. माझ्यासमोर प्या." रात्री विचारते, भूक लागते ना? झोपेत घाम येतो का? कुठं दुखत तर नाही? इतकी विचारपूस तर आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हाही नव्हती. प्रेम, दुसरं काय! पोट कमी झालं तर एवढं, सपाट झालं तर ही काय काय करेल!

आरामाच्या वेळात डॉक्टरीणबाई सहज जवळ आल्या आणि बोलता बोलता माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "बाई, आमची ही तिथे बसलीय." त्या म्हणाल्या, "गप्प उभे राहा. मी मोजतेय." ह्या वर्गात माझी मागणी फारच वाढली आहे.

वॉचमनच्या शर्टाचं पोटावरचं बटण तुटलं. तो म्हणतो, धुण्यात गेलं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्गात आज नुसतं खोडणं. उजवीकडून खसखस, मागून खसखस. शिंपीसुद्धा टाके उसवतोय. मला वाटतं आता बारीक सफाई चालू आहे, शेवटचा हात. खोडरबरनं तर खोडून खोडून कागदाला भोक पाडलं आणि म्हणाला, "सर, माझं डोकं फिरलंय. सोमवारी बरोबर होतं, बुधवारी चूक, आज परत चूक!"

ओळंबांनी खडूच्या रेघा तपासल्या. झाडूवाल्याला बोलावून विचारलं, "फरशी पुसताना ह्या रेघा सरकवल्या का?" तो म्हणाला, "सर, रेघ पुसली जाते. सरकत नाही." मग त्यांनी दिवा हलवून बघितला, खिडकीचा पडदा बघितला. मी आपला छाती काढून उभा. कोण काय चुकतंय ते चुकू दे, मॉडेल मात्र दगडासारखा.

डावीकडून आज काहीच आवाज नाही. ना रेघ, ना रबर.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आभाळ कोसळलं.

पाचच मिनिटं झाली होती. ओळंबा बाजूला येऊन उभे राहिले आणि माझ्या गळ्याच्या खळगीपासून त्यांनी दोरी सोडली. पहिल्या दिवशी सोडली होती तेव्हा ते वजन पोटावर आपटलं होतं आणि वर्ग हसला होता. आज दोरी सरळ खाली गेली. पायापर्यंत. मोकळी. झुलत राहिली.

ओळंबांनी दोरीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"पोट कुठाय?"

माझी छाती फुगली. हाच तो क्षण, म्हटलं, आता चार दिवस आधी तर आधी. "काढलं, सर! अर्ध्याहून जास्त. बाकीचं शुक्रवारपर्यंत नक्की."

कुणाच्या तरी हातातला कोळसा खाली पडला. मग सगळे एकदम.

खोडरबर: "म्हणजे माझी रेघ बरोबर होती? अकरा वेळा खोडली मी ती! अकरा!"

डॉक्टरीणबाई: "अहो गृहस्था! तुम्हाला काहीतरी भयंकर झालंय म्हणून तुमची बायको आठ दिवस मला फोन करतेय! काट्यानं मोजून आकडे सांगते रोज!"

शिंपी: "परीक्षक शुक्रवारी ह्यांना उभं करणार. आपल्या सातही चित्रांत पोट आणि चौथऱ्यावर पोट नाही. सगळे नापास."

मी मान वळवली. नियम मोडून. ही माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर आधी असं काही आलं, की जणू कुणी हिच्या पाठीवरून पोतं उतरवलं. आणि मग दुसरं आलं. ही उठली, हात धुवायला गेली आणि परत आलीच नाही.

काटा. डोळा. चार खणांचा डबा. मी किती मूर्ख आहे ते लिहायला ही वही पुरायची नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मी चहा करून पुढे ठेवला, हिने कप बाजूला सारला. मी सगळं सांगितलं. वॉचमन, काकडी, सगळं. वॉचमनच्या बटणापाशी हिचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण नाही.

"मला वाटलं, तुला माझ्यात तेवढंच दिसतं," मी म्हटलं. "म्हणून बदलून द्यावं."

"बदलून!" ही म्हणाली. "तुमचे खांदे बघा. पत्र्यानं केलेत. हात हातोडीनं केलेत. पाठ बाकदार आहे ती लोकांची शटरं उचलून. सगळं अंग धंद्यानं घडवलंय तुमचं. त्यात माझ्या हातचं काय आहे?" हिने बोट दाखवलं. "हे. पस्तीस वर्षं मी वाढून वाढून केलंय ते. एवढं मोठं काम माझ्या नावावर दुसरं नाही. आणि काढायला बसले तर नुसतं बघत बसावं असं होतं. कसं ते विसावलंय, कसं हाडावर रेलतंय. आणि तुम्ही ते परस्पर वॉचमनला देऊन टाकलंत!"

मला हसूही येईना, रडूही येईना. दोन्ही एकदम आलं आणि ठसका लागला. हिने पाठीत धपाटे घातले, गरजेपेक्षा जरा जोरात.

"शुक्रवारपर्यंत परत आणतो," मी म्हटलं. "दोन किलो बटाटे दे."

"पोट म्हणजे काय शटर आहे, वर-खाली करायला?"

२७ फेब्रुवारी, बुधवार

वर्गात सगळ्यांनी डबे आणले होते. शिंप्यानं बिस्किटं, खोडरबरनं डझनभर केळी, झाडूवाल्यानंही काहीतरी पुडीत. दर आरामाला मला चारत होते, लिलावाच्या बोकडासारखं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "दोन दिवसांत पोट येत नाही, फक्त अजीर्ण येतं!" शेवटी ओळंबांनी उपाय काढला. "श्वास भरून धरा. पोट पुढं ढकला. बघू." मी ढकललं. त्यांनी दोरी सोडली. वजन पोटावर टेकलं! वर्गानं टाळ्या वाजवल्या. खोडरबर म्हणाला, वॉचमनला उभं करून फक्त मधला भाग वापरता येणार नाही का. त्याला गप्प बसवलं.

ठरलं. परीक्षक असतील तोवर मी फुगून उभा राहणार. अर्ध्या मिनिटाला एखादा चोरटा श्वास घ्यायचा. काम होईल.

तेवढ्यात ही डावीकडून म्हणाली, "माझ्यापुरतं फुगवू नका. मला आहे तसे पाहिजेत."

"वहिनी, पण तुमच्या कागदावर—"

"माझ्या कागदाचं मी बघते."

मी पुन्हा उभा राहिलो. डॉक्टरीणबाई माझं केळं काढून घेऊन माझ्या समोरच ठाकल्या होत्या, नाडी बघायला. खिडकीची कडी त्यांच्या खांद्यामागे. आणि डावीकडून, जिथे आता एकच बाक भरलेलं होतं, तिथून ती आली.

तीच रेघ. हलकी, मग जड, मग वळली, मग हलकी. एका बोटानं खाली आलेलं शटर.

डॉक्टरीणबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांच्या हातात केळं होतं.

म्हणजे त्या दिवशी काटा आला होता तो आमच्या हिच्या रेघेनं. आणि ती रेघ म्हणजे माझं पोट. आणि मी ते कान देऊन ऐकलं, अंगावर घेतलं, आणि नंतर कागदावर बघून रागावलो.

"नाडी एकदम वाढलीय तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बाई," मी म्हटलं, "केळं द्या."

१ मार्च, शुक्रवार

तीन परीक्षक. मुख्य बाई उंच, केस पांढरे, बोलणं कमी. सातही चित्रं भिंतीला, हिचं सगळ्यात शेवटी डावीकडे. मी चौथऱ्यावर, काठी धरून, फुगलेला.

पहिलं चित्र. बाई चित्राकडे बघतात, पेन्सिल लांब धरून एक डोळा मिटतात, माझ्याकडे बघतात. (आता मला माहीत आहे, हा डोळा मारणं नव्हे.) दुसरं. तिसरं. माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या. चौथ्याला डोळ्यांपुढे काजवे. खोडरबरच्या चित्रापाशी बाई थांबल्या. "पोटाची मापं बरोबर आहेत. पण हा माणूस श्वास घेत नाही."

"सर, चित्रातला की चौथऱ्यावरचा?" खोडरबर घाबरून ओळंबांना विचारतो. ओळंबांनी त्याच्या पायावर पाय दिला.

सहावं. आणि मग बाई हिच्या चित्रापाशी आल्या. जवळ वाकून बघू लागल्या.

माझ्या डोक्यात दोन आवाज. एक म्हणतो, फुगलेला राहा, सहा जणांना शब्द दिलास. दुसरा म्हणतो, हिने आहे तसा मागितलाय. पण सहा जणांचं तपासून झालं होतं. मी शब्द पाळला होता. आता शेवटचं गिऱ्हाईक उरलं होतं, आणि हिला तरी मी खोटा माल देणार नव्हतो.

मी श्वास सोडला.

तो आवाज सबंध खोलीत ऐकू गेला, ट्रकच्या टायरमधून हवा जावी तसा. पोट आत. चड्डीची नाडी सैल. ओळंबांनी डोळे मिटले. परीक्षक बाई झटकन वळल्या. माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा भरा."

मी भरला.

"सोडा."

मी सोडला.

"ह्या दोन रेघा का?" त्यांनी हिला विचारलं. "एक पुसायची राहिली का?"

"नाही," ही म्हणाली. हिचा आवाज मधे कुठे अडकला नाही. "बाहेरची पहिल्या आठवड्यातली आहे. आतली परवाची. दोन्ही बघून काढल्यात. जे होतं ते होतं, ते का पुसू? मधल्या जागेत फक्त हलकी छटा दिलीय."

"मॉडेल हलला होता?"

"हलला नाही, बाई. जागच्या जागी आटला. माझ्यासाठीच. मला न विचारता."

बाईंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि मग त्या अशा हसल्या, अशा हसल्या, की दुसऱ्या परीक्षकानं त्यांना खुर्ची दिली.

४ मार्च, सोमवार

पत्र आलं. जागा हिची! मी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं वाचलं, दोनदा. लेकीला फोन केला, वॉचमनला मिठी मारायला गेलो तर हात पुरेनात. खोडरबर आणि बाकीच्यांना प्रमाणपत्रं मिळाली, फुगून शब्द पाळला म्हणून त्यांनी मला धंद्यातला सच्चा माणूस म्हणून नावाजलं. चित्रशाळेनं चित्र आठवडाभर दर्शनी भिंतीवर लावलंय. मी सकाळीच जाऊन बघून आलो.

एक गोष्ट मला कळली नाही. चेहरा हिने अगदी शेवटी, दहा मिनिटांत केलाय: नाक, हनुवटी, सगळं ढोबळ. पण कान! कान असा काढलाय की पाळीवरचा केस न केस दिसतो, आतली वळणं, सावलीत परतलेला उजेड. एवढा वेळ हिने कानावर घालवला कधी? घरी येऊन विचारलं, कानच का. ही म्हणाली, "दोन्ही वेळा मी रेघ काढली तेव्हा तो हलला होता. तेवढाच."

म्हणजे काय, कोण जाणे.

मग ही स्वयंपाकघरात गेली आणि बटाट्यांची मोठी बशी माझ्यापुढे ठेवली. "खा. पुढच्या महिन्यापासून मला घरी सराव करायचाय. होतात तसे व्हा."

मी खायला बसलो. ही समोर बसून बघत होती. मोजताना ही नेहमी डावा डोळा मिटते, हे आता मला पक्कं माहीत झालंय. आज उजवा मिटला. आणि हातात काटा नव्हता.